पानांतले राघू

त्या बंदुकीचा आवाज बंदुकीसारखा नव्हताच. नदीवर ओलं लुगडं दगडावर एकदाच आपटावं तसा तो येई आणि विरून जाई. त्यानंतर एक क्षण काहीच घडत नसे. मग पेरूच्या झाडातून पाला सरकल्यासारखी खसखस होई, गवतावर काहीतरी पडे, आणि बाकीचे राघू एकदम कर्कश ओरडत घोडनदीच्या पात्रावरून पलीकडे निघून जात. माझं लहानपण मला आठवतं ते या क्रमानं. आधी आवाज, मग शांतता, मग पडणं, मग ओरडा. आज या वयातसुद्धा कुणी गच्चीवर ओली चादर झटकली की मी पुढच्या खसखशीची वाट बघते.

आम्ही शिरूरला मिशनच्या आवारात राहत होतो. मुलींच्या बोर्डिंगच्या मागे दगडी भिंतींची एक खोली होती, तीच आमची. वडील मी फार लहान असताना गेले. आई बोर्डिंगचा स्वयंपाक करायची. थंडीच्या दिवसांत मला जाग येई ती तिच्या फुंकणीच्या आवाजानं. ओली लाकडं पेटता पेटत नसत, धुरानं तिचे डोळे बारा महिने लाल असायचे. बोर्डिंगच्या चुलीवर जायच्या आधी ती आमच्यासाठी गुळाचा चहा करी आणि रात्रीची बाजरीची भाकरी त्यात मोडून देई. चहाआधी प्रार्थना. आई डोळे मिटून बोले, मी मिटल्यासारखे करी, आणि माझा भाऊ याकोब, आमचा दादा, उघड्या डोळ्यांनी दारातून समोरच्या चिंचेकडे बघत बसे. आईचं आमेन झालं की तो हळूच सांगे, "वर तीन साळुंक्या हायत आन् एक खार." आई म्हणे, "देवाफुडं तरी नजर खाली ठेव की रं." पण तिला त्याचं कौतुक असायचं. त्याच्या नजरेवर आमच्या घराची सगळी आशा होती, आणि तीच गोष्ट मला या प्रकरणात सांगायची आहे.

गावाबाहेर नदीच्या कडेला आप्पांची पेरूची बाग होती. आप्पा तालेवार, स्वभावानं मोकळे, बोलायला मोठे. पेरू पाडाला आला की राघूंचे थवे उतरायचे. राघूची खोड अशी की तो एक फळ पुरतं खात नाही. चोच मारतो, दोन घास घेतो, टाकतो आणि दुसऱ्याला लागतो. संध्याकाळी झाडाखाली नुसत्या अर्धवट कुरतडलेल्या पेरूंचा सडा. गोफणीनं दगड मारावेत तर फांद्या आणि फळंच तुटतात. डबे वाजवून दोन दिवस भागलं, तिसऱ्या दिवशी राघू डब्यांच्या तालावर खायला लागले. मग आप्पांनी पुण्याहून कुणा साहेबाची जुनी छर्ऱ्याची बंदूक आणली. पहिल्या सकाळी सगळी गडीमाणसं बघायला उभी. आप्पांनी बराच वेळ नेम धरला, फट् वाजलं, आणि एक चांगला तयार पेरू खाली आला. त्यांची आई, जिजी, बांधावर बसली होती. ती म्हणाली, "राघू ऱ्हायला बाजूला, पेरूच मारलास. त्यापरीस राघूला खाऊ दिला असतास, त्यानं निदान अर्धा तरी ठिवला असता."

दुसरी अडचण जिजीचीच होती. त्यांच्या घरात वारकऱ्यांची माळ होती. घरातल्या कुणी स्वतःच्या हातानं जीव घ्यायचा नाही, असा तिचा दंडक. राघू मेले पाहिजेत, पण कर्म आपल्या हातून नको. म्हणून दादाला बोलावणं आलं. सातवी पास होऊन तो तेव्हा मिळेल ते काम करत होता. जिजीनं त्याला विचारलं, "तुमच्यात चालतंय न्हवं रं?" दादा हसत म्हणाला, "व्हय जिजी, आमच्यात समदं चालतं." घरी येऊन त्यानं ते आईला सांगितलं तेव्हा आई हसली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून दादा बागेत जाऊ लागला, आणि शाळेच्या वेळेआधी मीही त्याच्याबरोबर.

मी जायची त्याला कारण होतं. पेरूच्या पानात बसलेला राघू तुम्ही कधी शोधून बघा. तो गप्प बसला की नाहीसाच होतो. पानाचा रंग तोच, पाखराचा रंग तोच. गडीमाणसं झाडाखाली उभी राहून "कुठं हाय, कुठं हाय" करत आणि दादा पलीकडच्या बांधावरून सांगे, "ती मधली फांदी, तिच्या शेंड्याला एक, खालच्या खोबणीपाशी एक, आन् त्यो म्हातारा गडी शेपूट लोंबवून बसलाय." कुणाला काही दिसत नसे. फट् वाजलं की त्याच जागेवरून राघू पडे. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून त्याची नजर दाखवत. "ह्या पोराच्या डोळ्यांत दुर्बीण बसिवलीय," ते म्हणत, "मिशनवाल्यांनी इलायतेहून आणून." गावात त्याला घारीचे डोळे म्हणू लागले.

पण पडलेलं पाखरू मात्र त्याला सापडत नसे. राघू जखमी होऊन गवतात फडफडत लांब जाई आणि दादा त्याच्या शेजारून दोनदा निघून जाई. तो मला म्हणे, "बघ गं मार्थे, सांडलंय का कुठं?" मी खाली बघत चालायची. गवताच्या पात्यावर रक्ताचा थेंब, पुढे वाळल्या पानावर थेंब, मग बांधाच्या सापटीत राघू. राघूची चोच बोटात शिरली की सोडत नाही, म्हणून मी त्याच्यावर ओढणी टाकायची आणि दादा मान मुरगळायचा. ते त्याला आवडत नसे. तेवढं करताना तो दुसरीकडे बघायचा. त्याला आवडायचं ते शोधणं. झाडासमोर तो उभा राहिला की त्याचा चेहरा देवळात गायन म्हणणाऱ्या माणसासारखा होई. आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू. जिवंत पाखरं त्यानं शोधायची आणि मेलेली मी, अशी आमची वाटणी ठरून गेली होती, आणि तिच्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाही कधी वाटलं नाही. पिकला पेरूही तोडायचा झाला तर तो मला विचारी, नाहीतर नाकाशी धरून ठरवी. आई म्हणे, वास घेऊन खाणारं पोर, राजाचं लक्षण आहे.

रविवारी तो आप्पांच्या विहिरीतले पारवे मारून आणी. विहिरीच्या कपारीतून पारवे वर झेपावले की त्यांना उडतानाच टिपायचं. त्या दिवशी आई वाटणात कांदा-खोबरं भाजून घाली, काळा मसाला घाली, आणि त्या कालवणाचा वास बोर्डिंगच्या खिडक्यांपर्यंत जाई. हाडं चोखता चोखता दादा आईला सांगे की एक दिवस तिला धुरातून काढीन. कसं काढणार हे त्याला ठाऊक नव्हतं. मग दौंडहून लाजर मामा आला.

मामा दौंडला रेल्वेच्या लोकोत, म्हणजे इंजिनांच्या शेडमध्ये, फायरमन होता. त्याच्या अंगाला कोळशाचा आणि तेलाचा वास यायचा आणि हाताच्या रेघांत काळं कायमचं बसलं होतं. दारातूनच त्यानं "सलाम ताई" म्हटलं आणि टेकायच्या आधीच बोलायला लागला.

"लोकोत क्लीनरची भरती निघाल्याय. क्लीनर, मग फायरमन, मग डायवर. शिक्षण सातवी बास. खरी अडचण डोळ्याची. डाक्टर असलं डोळं बघतोय, धट्टीकट्टी पोरं गारद हुत्यात. आन् आपल्या याकूला डोळ्याचं काय भ्या?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि तिकडेच बघत विचारलं, "क्वाटर मिळतं का रं?"

"आधी क्लीनर तर हुं दे, ताई. क्वाटर मिळंल, मार्थीला हायस्कूल मिळंल, तुझी ही चूल सुटंल. समदं मिळंल."

दादा उठला. तो बाहेर गेला आणि चिंचेखाली उभा राहिला. मी गेले तर म्हणाला, "इंजनावरनं केवढं लांबचं दिसत आसंल." त्या दिवसापासून आमच्या घरात दौंडशिवाय दुसरा विषय राहिला नाही. आई रोजच्या प्रार्थनेत त्याच्या डोळ्यांसाठी आभार मानू लागली. मागणं नव्हे, आभार. जे हातात आहे त्याचे आभारच मानतात.

परीक्षेसाठी नवा सदरा हवा म्हणून आईनं त्याला बाजाराला पाठवलं, आणि येताना माझ्यासाठी लाल रिबीन आणायला सांगितली. शाळेच्या गॅदरिंगला लालच रिबीन लागायची. त्यानं आणली ती शेवाळी रंगाची होती. आई म्हणाली, "आरं, लाल सांगितली हुती."

"लालच हाय की," तो म्हणाला. मग आमच्या तोंडाकडे बघून हसला. "फशिवलं वाटतं दुकानदारानं. दुकानात अंधारच लई."

मी हसले. आई हसली नाही. तिनं रिबीन हातात घेऊन दारातल्या उजेडात नेली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "माझा बापबी असाच फसायचा." आणि चुलीकडे गेली. मी ती शेवाळी रिबीनच बांधून गॅदरिंगला उभी राहिले, रांगेतली एकटी.

मामीला दिवस गेले होते, तिला दोन दिवस मदत म्हणून मला दादाबरोबर दौंडला पाठवलं. एसटी न्हावऱ्याला बराच वेळ थांबली. दादानं खिडकीतून रस्त्याकडेच्या वडावरचे पोपट मोजले आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना दाखवायचा प्रयत्न केला. बाबा म्हणाले, "मला झाडबी नीट दिसंना, लेकरा, तू पोपट कसला दाखवतोस." दादा इतका खुशीत होता की त्यालाही हसला.

मामाचं क्वार्टर म्हणजे एक खोली आणि एक पडवी, पण पायाखाली फरशी होती आणि नळ दाराशी होता. मी तो नळ उगाच दोनदा सोडून बघितला. मामीनं चहाबरोबर पाव दिला. शिरूरला पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं, इथे तो साधा संध्याकाळचा खाऊ होता. सगळं घर थोडं थोडं थरथरत असे. यार्डात डबे एकमेकांवर आदळले की मांडणीतली ताटं किणकिणायची आणि मामीला ते ऐकूही येत नसे. उजेड होता तोवर मामा आम्हाला रुळांच्या कडेला सिग्नल दाखवायला घेऊन गेला.

"शिंगलचा हात आडवा म्हंजी थांबायचं. हात पडला म्हंजी लाईन मोकळी. त्यो बघ, लांबचा. दिसतोय का?"

"त्याच्या मागचाबी दिसतोय," दादा म्हणाला.

मामानं डोळे बारीक करून बघितलं. त्याला मागचा दिसला नाही. उजेड उतरला तसे सिग्नलचे दिवे स्पष्ट दिसायला लागले. मामानं विचारलं, "आता सांग, काय हाय?"

"हात आडवा हाय. म्हंजी लाल."

"बघा," मामा मला म्हणाला, "आत्ताच डायवरागत बोलतोय."

मला आता वाटतं, आम्ही तिघं त्या दिव्यासमोर उभे होतो आणि तिघांनाही तो दिसत होता; दादानं रंग हातावरून सांगितला हे मात्र कुणालाच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामाची ड्यूटी होती. मी मामीनं दिलेला डबा मांडीवर घेऊन रेल्वेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले. उमेदवार पोरांची रांग होती. दादाची पाळी आली तेव्हा दार उघडंच होतं आणि त्याचा आवाज बाहेर येत होता. भिंतीवरची अक्षरं तो घडाघडा वाचत शेवटच्या ओळीपर्यंत गेला आणि थांबला नाही. रांगेतला एक जण म्हणाला, "ह्यो तर खालचं छापखान्याचं नावबी वाचाय लागला." सगळी हसली, आतून डॉक्टरही हसल्याचं ऐकू आलं. मी डब्यावर हात दाबून धरला होता, तो सैल सोडला. मग आतल्या माणसानं खिडक्या लावल्या आणि दार ओढून घेतलं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर दादाच्या बरोबर बाहेर आले. पुण्याकडचे, वयस्क, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दादाला विचारलं, "बरोबर कोणी मोठं नाही का?" दादानं माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "हे बघ बाळ, तुझी नजर उत्तम आहे. इतकी मी क्वचित पाहतो. पण तुला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही. हे जन्माचं असतं. याला औषध नाही, चष्मा नाही. तुला गाडीवर घेता येणार नाही."

दादा म्हणाला, "साहेब, एकदा परत लावा की दिवा."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "ये." दार परत लागलं. रांगेतली पोरं आता हसत नव्हती. दुसऱ्यांदा तो फार लवकर बाहेर आला. मी डबा पुढे केला, तो त्याला दिसला नाही.

रुळांच्या कडेनं आम्ही परत निघालो. चालता चालता त्यानं विचारलं, "मार्थे, रगत लाल दिसतं म्हंजी कसं दिसतं?"

मी विचार करून म्हणाले, "मिरचीगत."

"मिरची तर पाल्यागतच आसती," तो म्हणाला.

मी चालायची थांबले. तो तसाच पुढे गेला. त्याच्यामागे उभी राहून मी पहिल्यांदाच पाहिलं की तो खाली बघत चालतोय.

मामा ड्यूटीवरून आला आणि त्यानं ऐकलं तेव्हा त्याला ते आधी खरंच वाटेना. "हिरव्या झाडातला हिरवा राघू ह्याला दिसतो, आन् लाल दिवा दिसत न्हाई? डाक्टर शाणा हाय का कोण हाय?" मग तो उठून शेडवर गेला, तिथे कुणाला तरी विचारलं, आणि आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजला. शेडवरच्या सगळ्यांना त्यानं भाच्याच्या डोळ्यांबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं.

शिरूरला आई आमची वाट बघत दारात उभी होती. दादानं दोन वाक्यांत सांगितलं. ती रडली नाही. आत गेली, पीठ काढलं, भाकरी थापायला बसली आणि थापता थापता म्हणाली, "माझ्या बापाचं हाय ते. माझ्यातनं आलं तुला."

"काय बी बोलू नगं, आई."

"त्यो चिंचा आन् बोरं चावून बघायचा. आमी हसायचो."

पुढे काही दिवस ती प्रार्थनेला बसायची, डोळे मिटायची, आणि काही न बोलता आमेन म्हणायची. आभार मानायचे त्या जागी काय म्हणायचं हे तिला सुचत नसावं.

गावात बातमी आमच्या आधीच पोचली होती. बोर्डिंगच्या पलीकडची पोरं दादाला शिंगल म्हणू लागली. रस्त्यात कुणीही काहीही वर धरायचं, पाटी, टोपी, कांद्याची पात, आणि विचारायचं, "याकू, ह्यो कंचा रंग?" सुरुवातीला तो सांगायचा. बहुतेक वेळा बरोबरही सांगायचा, कारण टोपी कुठल्या रंगाची असते हे माणसाला न बघताही ठाऊक असतं. पोरांनी मग फसवायला मुद्दाम रंगवलेल्या वस्तू आणल्या. त्यानंतर त्यानं सांगणं सोडलं.

बाग तेवढी उरली होती. भर हंगाम होता आणि राघू उतरतच होते. पण आप्पांनी त्याला झोपडीपाशी बोलावून घेतलं. मी बरोबर होते. बंदूक त्यांच्याच मांडीवर होती.

"याकू, राग मानू नगंस. पर उंद्या एखादं पोरगं झाडावर चढलेलं आसलं आन् तुला त्यो राघू वाटला तर?"

"आप्पा, माणूस आन् राघू मला कळतो की."

"कळतो रं. मला ठावं हाय. पर लोकं मला इचारतील, ज्येला दिसत न्हाई त्येच्या हातात बंदूक कशी दिली म्हणून."

जिजी बांधावरून बोलली, "दोन वरसं मारत हुता तवा कुणी इचारलं न्हाई."

"तू गप बस, आई. तवा आपल्याला म्हाईत न्हवतं."

"तवाबी त्येला दिसतच हुतं न्हवं?" जिजी म्हणाली. पण बंदूक आप्पांच्या मांडीवरच राहिली. दादानं खिशातून छर्ऱ्यांची डबी काढून त्यांच्या शेजारी ठेवली. झाकण घट्ट बसलं आहे ना ते पुन्हा एकदा दाबून बघितलं.

माझ्या मुलीचा मुलगा चौथीत असताना त्यानं चित्रात झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. बाईंनी ते हसण्यावारी नेलं. मी मात्र ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. पुण्यात डोळ्यांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे आम्ही त्याला नेलं. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं आणि मला सगळं नीट समजावलं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात, तिला कधी कळतही नाही. बापाकडून मुलाला तो येत नाही. मग त्या सहज म्हणाल्या, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. अशा काही माणसांना पानांत लपलेली वस्तू आपल्यापेक्षा लवकर दिसते म्हणतात. आपण रंगाला भुलतो, ते आकार बघतात."

मी त्यांना थांबवून ते पुन्हा सांगायला लावलं. नातू कंटाळून खुर्चीवर गोल फिरत होता. दादाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. दौंडच्या मालधक्क्यावर त्यानं आयुष्यभर धान्याची पोती वाहिली. त्या पोत्यांवर मी हायस्कूल केलं, पुण्याला कॉलेज केलं, आमच्या घराण्यातली पहिली पदवी घेतली आणि शिक्षिका झाले. आईच्या शेवटच्या वर्षांत तिला धुरातून मीच काढलं, पण पैसा पहिल्यापासून त्याच्या पाठीवरचा होता. त्यानं लग्न केलं नाही. स्थळं आली. आपली पोरं अशीच निपजतील म्हणून त्यानं प्रत्येकाला नाही म्हटलं, आणि आम्हीही फार आग्रह केला नाही, कारण आम्हालाही तसंच वाटत होतं. त्याच्या मुलांना ते आलं नसतं. ते यायचं होतं ते माझ्यातून, जिला मिरची लाल दिसायची. आणि गावानं ज्या डोळ्यांना आधी डोक्यावर घेतलं आणि मग आंधळे म्हटलं, ते डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच होते, हे ऐकायला तो उरला नव्हता. तो गेला ते आपल्या डोळ्यांनी आपल्याला फसवलं अशी समजूत घेऊन.

बंदूक गेल्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी तो मला म्हणाला, "चल, बागंकडं जाऊन येऊ." आम्ही आत गेलो नाही. पाटाच्या अलीकडे बांधावर बसलो. आप्पांचा भाचा पुण्याहून आला होता. इस्त्रीची पँट घातलेला तो मुलगा झाडांखालून फिरत होता आणि वर बघून बघून त्याची मान अवघडली होती. दादा हळू आवाजात बोलायला लागला, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. "डाव्या हाताला बघ. अजून वर. त्या फांदीच्या दुबेळक्यात दोन. तुझ्या डोक्यावरच हाय की एक, गड्या." भाचा त्याच झाडाखालून पुढे निघून गेला.

मी म्हणाले, "दादा, मला दाखव."

त्यानं माझी हनुवटी धरून वर केली, माझ्या गालाशी गाल लावून बोट धरलं. "बोटाच्या शेंड्यावर बघ. मान वाकडी करून बसलाय. चोच पोटाशी हाय." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. नुसती पानं होती. वाऱ्यानं हलणारी, उन्हात उलटीसुलटी होणारी पानं.

"दिसला?"

मी व्हय म्हणाले. त्यानं बोट खाली घेतलं. त्याला कळलं असावं.

तेवढ्यात भाच्यानं कंटाळून उगाच वर बंदूक मारली. फट् वाजलं, आणि अख्खं झाड उडालं. जिथे मला नुसती पानं दिसत होती तिथून राघूच राघू बाहेर आले, ओरडत आमच्या डोक्यावरून नदीकडे गेले, आणि झाड एकदम विरळ दिसायला लागलं. दादानं सांगितलेल्या प्रत्येक जागेवरून राघू उठला होता.

सवयीनं मी खाली बघायला लागले. पाटाची कड, गवत, वाळकी पानं. दादा थवा गेला त्या दिशेला बघत होता. मान न वळवता त्यानं विचारलं. एरवी तो "सांडलंय का" म्हणायचा. या वेळी त्यानं रंगाचं नाव घेतलं.

"लाल हाय का कुठं?"

"न्हाई," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला, आणि उठून पाठीमागची माती झटकली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो दौंडला धक्क्यावर पोती वाहायला गेला.